कूलरमधलं पाणी

देवपूरला, दातांच्या दवाखान्याच्या वर
आमची खोली. दोन फोन, एक माठ,
भिंतीवर भंगाळे सरांनी चिकटवलेलं:
सल्ला देऊ नका. घाई करू नका.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं: घोरू नका.

मे महिना. रात्रीचे पावणेदोन.
भिंतींनी दिवसभर पोटात घेतलेलं ऊन
आता सावकाश बाहेर येतंय.
फोन वाजला. मी नाव सांगितलं.
पलीकडे कुणी नाही.
म्हणजे आहे. बोलत नाही.

रजिस्टरात रकाने असतात.
नाव. वय. तालुका. अडचण. निष्पत्ती.
रकान्यांकडे बघून झालं, मग ऐकत बसले.
कूलर. पंखा एका ठिकाणी घासतोय,
आणि पंप कोरडा घरघरतोय,
ओढायला काही नाही तरी ओढतोय.

शिकवलेलं सगळं बाजूला पडलं.
विचारलं, कूलरमधलं पाणी संपलंय का?

बराच वेळ.
"हा."

एवढाच 'हा', पण त्याला हेल होता
आमच्या पारोळ्याकडचा.
कॉलेजात पुसून टाकलेली माझी बोली
कुठून कोण जाणे, जिभेवर आली.
जेवना का रे भाऊ?
"नही."
काल?
"काल बी नही."

मग तो बोलला. सगळं सांगत नाही,
सांगायचं नसतं. एवढंच,
की तिसऱ्यांदा परीक्षेचा फॉर्म त्यानं भरलाच नव्हता
आणि घरी समजत होते, निकाल लांबलाय.
बाप रोज पेपर वाचतो, शेवटच्या पानापासून.
"त्या इचारतस नही," तो म्हणाला,
"तेच सहन व्हत नही."

मग तो प्रश्न. सर म्हणतात,
आडून विचारू नका, शब्द गिळू नका,
विचारल्यानं तो कुणाच्या डोक्यात शिरत नसतो.
मराना इचार येस का मनमा?
"हा," शाळेत हजेरी देतात तसा.
आणि मग एक श्वास,
जड पोतं कुणी ओट्यावर टेकवावं तसा.
टेकवलं. उतरवलं नाही.

आज रातले?
"माहीत नही."
माहीत होईपर्यंत मी शे आठे, म्हटलं.
घरमा कोन शे?
"माय शे. जपेल शे."

आमच्या बोलीत जपणं म्हणजे झोपणं.
पुस्तकातल्या मराठीत जपणं म्हणजे काय
ते त्याला त्या वेळी सांगितलं नाही.
म्हटलं, पहिले पानी टाकी ये. मी थांबस.

फोन खाटेवर पडला.
पावलं. बादली. रांजणातून तांब्या, तांब्या.
धुळ्यात बसून मी
परक्या घरातले तांबे मोजत होते.
एकोणीस. वीस.
मग काहीच नाही.
माझ्या हातातला पेन तसाच वर.

"काय करी ऱ्हायना रे?" बाईचा आवाज.
"पानी टाकी ऱ्हायनू, माय."
"इतली रातले?"

पुढचं नीट ऐकू आलं नाही.
पंप पाणी ओढू लागला होता,
त्या आवाजात दोघं बोलत होती,
मग एकच बोलत होतं,
मग रडणं, कुणाचं ते कळलं नाही.
चाळीस मिनिटं कान गरम झाला.

शेवटी बाईनं फोन उचलला.
कोण बोलतंय, विचारलं नाही.
"ताई, याले काय खावाले देऊ आते?"

सल्ला द्यायचा नसतो, भंगाळे सर.
मी म्हटलं, भाकर शे का?
"कळणानी शे. सकायनी."
तीच द्या. शेजारी बसा. आज एकटं सोडू नका.
सकाळी दवाखान्यात न्या, पत्ता देते.
पेन सापडेना. तिनं पत्ता
तीनदा म्हणून पाठ केला, तिसऱ्यांदा माझ्याआधी.

रजिस्टर. नाव कोरं. तालुका अंदाजे.
निष्पत्ती: कूलरमध्ये पाणी भरलं.

सकाळी सरांनी वाचलं, चष्मा कपाळावर नेला,
खोडलं नाही.
पुढच्या फोनचा वार मात्र लिहायला लावला.
बुधवार.
बुधवारी माझी सुट्टी असते.
येईन.